शाळेचा वार्षिकांक आणि गावाचे पाणी

डिसेंबर उजाडला, स्नेहसंमेलनाचे वेध लागले, की पुष्कळ शाळांना वार्षिकांकाची आठवण होते. सूचनाफलकावर एक कागद लागतो : ‘विद्यार्थ्यांनी आपले साहित्य आठ दिवसांच्या आत वर्गशिक्षकांकडे द्यावे.’ मग धावपळ सुरू होते. कोणी ‘माझी आई’ हा निबंध देतो, कोणी वृक्षारोपणावर कविता देतो, कोणी चार विनोद व दोन कोडी उतरवून आणतो. मुख्याध्यापकांचे मनोगत, बक्षीस घेणाऱ्यांची छायाचित्रे, दहावीचा निकाल हे सारे एकत्र बांधले की अंक तयार होतो.

अशा अंकाचे मुखपृष्ठ काढून ठेवा आणि तो एखाद्या अनोळखी माणसाच्या हाती द्या. ही शाळा बीडची की रत्नागिरीची, हे त्याला सांगता येईल काय? बहुधा येणार नाही. हे वर्ष कोणते, हेही सांगता येणार नाही. ज्याला आपण ‘वार्षिक’ म्हणतो त्यात वर्षही नाही आणि गावही नाही, असे का व्हावे?

याचे कारण मुलांना लिहिता येत नाही हे नव्हे. काय शोधायचे हेच त्यांना कोणी सांगितलेले नसते. यावर एक साधा उपाय आहे. सगळा अंक एकाच विषयाभोवती बांधावा आणि त्या विषयाची तयारी जून महिन्यात, शाळा उघडताच सुरू करावी.

विषय म्हणजे प्रश्न

येथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. ‘पाणी’ हा शब्द मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत छापला आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एकेक थेंब काढला म्हणजे अंकाला विषय मिळाला, असे होत नाही. तो झाला नुसता सजावटीचा भाग. विषयातून प्रश्न निघाला पाहिजे, आणि प्रत्येक पानाने त्या प्रश्नाच्या उत्तराचा एखादा तुकडा आणला पाहिजे. ‘पाणी’ हा शब्द आहे. ‘आमच्या गावात पावसाळ्यात पडलेले पाणी मे महिन्यापर्यंत कोठे जाते?’ हा प्रश्न आहे. शब्दावर कविता येतात, प्रश्नावर कामे निघतात.

एका विषयाला धरून राहण्याची एक जुनी खूण बीड जिल्ह्यातच, अंबाजोगाईला आहे. संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) यांनी सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर, म्हणजे पासोडीवर, एक रचना लिहिली. साऱ्या पासोडीचा विषय एकच : पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांपासून सृष्टी कशी घडते याचे विवेचन. त्यांचा मार्ग तत्त्वज्ञानाचा होता, आपला मार्ग मोजमापाचा आहे. पण एवढे लांब कापड एका विषयाने भरता येते, तर आपल्याला अट्ठेचाळीस पाने का भरता येऊ नयेत?

राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेच्या कामाची रीतही अशीच आहे. १९९३ सालापासून भरू लागलेल्या या परिषदेत एक मुख्य विषय ठरवून दिला जातो, त्याचे उपविषय पाडले जातात आणि मुले आपापल्या गावात पाहणी करून प्रकल्प मांडतात. तोच साचा वार्षिकांकाला लागू पडतो.

बीड जिल्ह्याला पाण्याचाच प्रश्न का?

नकाशा समोर घ्या. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. मधून बालाघाटचे डोंगर गेले आहेत. सिंदफणा व तिला मिळणारी बिंदुसरा उत्तरेकडे गोदावरीच्या अंगाला जातात. मांजरा नदी पाटोदा तालुक्यात बालाघाटावरच उगम पावते आणि पूर्वेकडे निघते. नद्यांची नावे पुष्कळ आहेत, तरी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. असे का होते?

अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आपले बहुतेक पाणी तेथेच टाकतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. डोंगर ओलांडून खाली उतरणारे वारे कोरडे झालेले असतात. या पर्जन्यछायेच्या प्रदेशात बीड जिल्हा येतो. येथील वार्षिक सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटरांच्या घरात आहे, आणि तीही दरवर्षी गाठली जाईलच असे नाही.

त्याचे परिणाम दूरवर पोचतात. औष्णिक वीजकेंद्रात टर्बाइनमधून बाहेर पडणारी वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करावे लागते, त्यासाठी पाण्याचा मोठा साठा हवा. पाणी नसल्यामुळे परळीचे वीजकेंद्र २०१३ साली आणि पुन्हा २०१५ साली बंद ठेवावे लागले होते. केज तालुक्यात धनेगाव येथे मांजरा धरण आहे. ते कोरडे पडले तेव्हा, एप्रिल २०१६ मध्ये, लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या. पण त्याच वर्षी तुमच्या गावच्या विहिरीत किती पाणी होते? ही नोंद कोणत्याही वर्तमानपत्रात सापडणार नाही. ती फक्त तुम्हीच करू शकता.

कामाची वाटणी

आता मुख्य प्रश्नाचे चार-पाच उपप्रश्न पाडा आणि ते वर्गावर्गांत वाटून द्या. आठवीने पाऊस मोजावा. नववीच्या एका तुकडीने विहिरी, दुसरीने घरोघरी लागणारे पाणी मोजावे. पाचवी ते सातवीच्या मुलांनी आजी-आजोबांच्या आठवणी गोळा कराव्यात. दहावीला परीक्षेचे ओझे असते; त्यांनी पावसाळ्यातच गावाचा नकाशा करून द्यावा.

पाऊस मोजण्यासाठी सरळ उभ्या कडांचे भांडे पुरते. प्लास्टिकच्या मोठ्या बाटलीचा वरचा निमुळता भाग कापून, तो उलटा करून त्याच बाटलीत नरसाळ्यासारखा बसवा, म्हणजे आतले पाणी उडून जाणार नाही. बाटलीचा तळ खोलगट असतो. म्हणून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरा आणि तेथे शून्याची खूण करा. तेथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. झाडांपासून व भिंतींपासून दूर, मोकळ्या जागी ते घट्ट बसवा आणि रोज सकाळी ठरलेल्या वेळी वाचन घ्या. वाचन झाले की पाणी पुन्हा शून्याच्या खुणेवर आणा.

येथे एक शंका नेहमी निघते : मोठ्या तोंडाचे भांडे ठेवले तर पाऊस जास्त भरेल ना? पाणी जास्त भरेल, हे खरे. पण तळाचे क्षेत्रफळही त्याच प्रमाणात मोठे असते, म्हणून पाण्याची उंची तेवढीच राहील. दोन वेगवेगळ्या रुंदीची, सरळ कडांची भांडी शेजारी ठेवून हे तपासून पाहा.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. हे सूत्र लक्षात ठेवले की आकडे बोलू लागतात. समजा, शाळेचे छप्पर ३० मीटर लांब आणि ७ मीटर रुंद आहे. क्षेत्रफळ २१० चौरस मीटर. वर्षाला ६५० मिलिमीटर पाऊस धरला तर छपरावर १,३६,५०० लिटर पाणी पडते. त्यातले ८० टक्के जरी साठवता आले तरी १,०९,२०० लिटर झाले. शाळेत ३०० मुले असतील आणि प्रत्येक जण शाळेत दोन लिटर पाणी पीत असेल, तर हे पाणी १८२ दिवस पुरेल! आपल्या शाळेचे खरे आकडे घालून हे गणित अंकात छापा. पालकांच्या सभेत ते निबंधापेक्षा अधिक काम करील.

विहीर काय सांगते?

विहिरीची पातळी मोजताना शिक्षक बरोबर असलेच पाहिजेत, आणि कठड्यावरून कोणीही वाकायचे नाही. मीटरच्या खुणा केलेल्या दोरीला वजन बांधून ती खाली सोडावी. कठड्यावर रंगाने एक खूण करावी आणि दर वेळी त्याच खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते : ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. तुम्हीही हेच महिने धरा.

दोन शेजारच्या विहिरींत मोठा फरक आढळला तर चूक झाली असे लगेच समजू नका. आपल्या पायाखाली लाव्हारसाचे थर थिजून बनलेला काळा बेसाल्ट खडक आहे. अखंड बेसाल्टमध्ये पाणी मुरत नाही. ते राहते वरच्या झिजलेल्या मुरुमात, खडकाच्या भेगांत आणि सच्छिद्र थरांत. एका विहिरीला भेग लागली आणि दुसरीला लागली नाही, तर शंभर पावलांवर चित्र बदलते.

बीड शहराजवळची खजाना विहीर या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात, सलाबतखानाने ती राजा भास्कर या स्थापत्यकाराकडून बांधवून घेतली. भूमिगत मार्गांनी तिच्यात पाणी येते आणि तशाच मार्गाने, केवळ उताराच्या जोरावर, शेतांकडे जाते. पंप नाही, इंधन नाही. जमिनीचा उतार अचूक ओळखणे, हीच त्या बांधकामाची करामत. सहलीला गेलात तर तिचा उभा छेद काढून आणा. अंकात छायाचित्रापेक्षा तो अधिक शिकवील.

आठवण आणि नोंद

पाचवी-सहावीच्या मुलांना घरातच मोठे भांडार सापडेल. १९७२ साली जी मुले दहा वर्षांची होती, ती आज साठी ओलांडून गेली आहेत. ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हटले की खडी फोडण्याची कामे, सुकडी, परदेशातून आलेला तांबडा मिलो अशा आठवणी निघतात. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील डोंगराळ भागातल्या शाळकरी मुलांनी १९६०च्या दशकात असेच केले होते. गावातील वृद्धांकडून जुनी कामे, अवजारे व रीती समजून घेऊन त्यांनी ‘फॉक्सफायर’ नावाचे शालेय नियतकालिक काढले, आणि त्या साहित्याचे पुस्तक १९७२ मध्ये प्रसिद्ध होऊन दूरवर वाचले गेले.

मात्र आठवण आणि मोजलेली नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘तेव्हा विहिरीला हात घातला की पाणी लागायचे’ असे आजोबा म्हणाले, तर ते त्यांच्या शब्दांत लिहा आणि विचारा : ‘आजोबा, कोणत्या महिन्यात? कोणत्या पायरीपर्यंत?’ मग दुसऱ्या एखाद्या वृद्धाला तेच विचारा. दोघांचे जुळले नाही तर दोन्ही छापा. विहिरीच्या वाचनातही हीच शिस्त हवी. एखाद्या दिवशी वाचन राहिले तर तक्त्यात जागा रिकामी सोडा. रिकामी जागा लाजिरवाणी नसते; अंदाजाने भरलेला आकडा मात्र साऱ्या तक्त्याचा विश्वास घालवतो.

जानेवारीतला अंक अपुरा का राहतो?

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आपल्याकडे अंक जानेवारीत, संमेलनाच्या दिवशी प्रकाशित करण्याची प्रथा आहे. पण पाण्याचे वर्ष जूनमध्ये सुरू होऊन मे महिन्यात संपते. जानेवारीत विहिरींना बहुधा पाणी असते. टंचाईचा काळ पुढेच असतो. जानेवारीत छापलेल्या आलेखाची रेघ नेमकी जेथे खाली उतरायची, तेथेच तुटते.

याच दिवसांत वर्गातली आणखी एक गोष्ट तुटलेली असते. हजेरीपट पाहा. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांचे ट्रक व ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोचा एक ‘कोयता’ धरून मुकादमाकडून उचल घेतलेली असते. काही मुले मागे हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात, काही आईवडिलांबरोबर जातात. ती परततात गुढीपाडव्याच्या सुमारास. संमेलनाचे फोटो निघतात तेव्हा ती नसतात. म्हणजे जानेवारीच्या अंकात त्यांचे नाव नाही, चित्र नाही, एक ओळही नाही. जणू त्या वर्षी ती या शाळेत नव्हतीच.

या दोन उणिवा वेगवेगळ्या नाहीत. कोरडवाहू शेतीला रब्बीत पाणी पुरत नाही, हे या स्थलांतरामागचे एक मोठे कारण आहे. आणखी एक विरोधाभास पाहा. उसाच्या पिकाला वाढीच्या काळात सुमारे १५०० ते २५०० मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे ज्यांच्या गावी साडेसहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, ती माणसे त्याच्या दुपटी-चौपटीने पाणी पिणारे पीक तोडायला जातात. हा प्रश्न अंकात मांडल्याशिवाय ‘गावाचे पाणी’ हा विषय पुरा होत नाही.

म्हणून दोन गोष्टी कराव्यात. पहिली, दिवाळीच्या सुटीपूर्वीच प्रत्येक वर्गाचे छायाचित्र काढून घ्यावे आणि बाहेरगावी जाणाऱ्या मुलांच्या हाती एकेक वही द्यावी. त्यांनी तेथे मोजावे : कोपीपासून पाणी किती पावलांवर आहे? दिवसाला किती घागरी लागतात? ते कोण आणते? ही मुले आपल्या अंकाची दूरची वार्ताहर होत. त्यांच्यावर दुसऱ्याने हळहळ लिहिण्यापेक्षा त्यांनी मोजलेले आकडे त्यांच्याच नावाने छापणे अधिक योग्य. मात्र कोणाच्या घरची उचल किंवा कर्ज हा अंकाचा विषय नव्हे. आणि मुलाची व पालकांची संमती असेल तेवढेच छापावे.

दुसरी गोष्ट, अंकाचे प्रकाशन १ मे रोजी, महाराष्ट्र दिनाला करावे. मार्चचे वाचन तोवर हाती आलेले असते, आणि मे महिन्याच्या वाचनासाठी तक्त्यात कोरा रकाना छापून तो वाचकाने स्वतः भरायचा, असे सांगता येते. दहावीची परीक्षा आटोपलेली असते. आणि ऊसतोडणीहून परतलेली मुले आपले पान स्वतःच्या हाताने उघडून पाहू शकतात. विज्ञानाच्या दृष्टीने जी तारीख योग्य, तीच माणुसकीच्या दृष्टीनेही योग्य ठरते.

पाने कशी लावावीत?

छापखान्यात पाने सुटी छापत नाहीत. एक मोठा कागद तीनदा दुमडला की त्याची आठ पाने, म्हणजे सोळा पृष्ठे होतात. त्याला एक फर्मा म्हणतात. म्हणून अंक १६, ३२ किंवा ४८ पृष्ठांचा योजला तर कागद वाया जात नाही.

एक कागद घेऊन तीन वेळा दुमडा. पाने न कापता, उलगडून पाहत, क्रमाने १ ते १६ आकडे घाला. मग कागद पूर्ण उघडा. एका बाजूला १, ४, ५, ८, ९, १२, १३, १६ ही पृष्ठे दिसतील, उरलेली दुसऱ्या बाजूला. मध्यभागी टाचलेल्या सोळा पानी पुस्तिकेत जोडून येणाऱ्या पृष्ठांची बेरीज नेहमी १७ येते : १ आणि १६, २ आणि १५, ८ आणि ९. यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. पैसे थोडे असतील तर कागदाची एकच बाजू रंगीत छापून वर दिलेली आठ पृष्ठे रंगीत मिळतात. आणि ८–९ ही जोडी मधोमध, सलग असते, तिच्यात कोठेही सांधा नाही. गावाचा नकाशा तेथेच टाका. एकात एक घातलेल्या तीन फर्म्यांच्या, ४८ पृष्ठांच्या अंकात हा मान २४–२५ या पृष्ठांना मिळतो.

मोबाइलने काढलेली छायाचित्रे संदेशातून पाठवली की आकुंचित होतात; मूळ फाइलच छापखान्याला द्यावी. चांगल्या छपाईला दर इंचाला ३०० ठिपके लागतात. दहा सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ चार इंच. तेव्हा तेवढ्या रुंदीच्या चित्राला आडवे सुमारे १२०० ठिपके हवेत.

छपाईला पैसे नसतील तर हस्तलिखित काढावे. प्रत एकच निघेल, पण त्यातले आकडे तेवढेच खरे असतील.

विषय किती ताणावा?

दहावीचा निकाल, क्रीडास्पर्धा, निवृत्त होणाऱ्या शिक्षकांचा निरोप हेही अंकात हवेच. त्यांना पाण्याची ओढूनताणून झालर लावू नये. कबड्डीचे मैदान तयार करताना किती बादल्या पाणी शिंपडले, हे खेळाच्या पानावर सहज येईल; निकालाच्या पानावर मात्र काही येणार नाही, आणि येऊही नये. प्रत्येक पानाला एवढेच विचारा : हे पान काढले तर आपल्या प्रश्नाचे उत्तर, किंवा आपल्या वर्षाची नोंद, अपुरी राहील काय? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल तर ते पान गळाले तरी चालेल. उतरवून आणलेले विनोद बहुधा येथेच गळतात.

अंक निघाल्यावर एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात, एक ग्रामपंचायतीत आणि एक तालुक्याच्या वाचनालयात ठेवा. पुढच्या वर्षी विषय बदला. माती, बियाणे, पक्षी, गावची बोली, कोणताही घ्या. पण पावसाचा आणि विहिरींचा तक्ता मात्र दरवर्षी, त्याच खुणेपासून मोजून, शेवटच्या पानावर छापत राहा. एका वर्षाचे आकडे ही नुसती माहिती असते. दहा वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की विहीर खोल जात आहे की सावरत आहे, हे दिसू लागते. त्या तक्त्याच्या खाली मोजणाऱ्यांची नावे असतील. त्यांत वर्गात बसून मोजणारे असतील, तसेच उसाच्या फडाजवळ मोजणारेही असतील.

येत्या जूनमध्ये पहिला पाऊस येण्यापूर्वी एक बाटली कापून ठेवा. अंकाचे पहिले पान तेथूनच सुरू होते.